मथुराबाईचा डावा पाय

मथुराबाईचा डावा पाय कधी थांबेच ना. आमच्या कापसाच्या जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, ती मुकादमीण. दारात पोत्यावर बसे अन् बसल्या बसल्या पाय हालवत राहे, जसा जिनाचा पट्टा तिच्याच अंगठ्यावर फिरते. बाया हासत, पन तोंडात पदर कोंबून. कावून का पाय थांबला म्हंजे बाई उठली, अन् बाई उठली म्हंजे कोनाचं तरी काम गेलं. मांगच्या हप्त्यात शांता नुसती खोकलली. पाय थांबला. दुसऱ्या दिवशी शांता नाही.

मानसाले नावानं बोलावनं तिले ठावंच नव्हतं. "ए संग्रामपूर, इकडं बस. ए वरवट, तिकडं मर." संग्रामपूर तिचं माहेर. तिथच्या बायाइले दारापाशी हवा, च्या, वरून पान. आमी वरवटच्या तिघी आखरी मशीनीपाशी, नाकाडोयात रुई. नवा महाराष्ट्र झाला म्हनून मालकानं पेढे वाटले, तेबी दारापाशीच सरले.

माही पोरगी सहा महिन्याची. बाहेर लिंबाले लुगड्याची झोयी बांधून तिले टाको अन् मशीनीपाशी जावो. त्या आवाजात तिचं रडनं काय ऐकू येते? सारा दिवस वाटे, कुत्रं आलं, गाठ सुटली, मुंग्या लागल्या. एक दिवस हात जोडले. म्हटलं, बाई, मले दारापाशी बसू द्या, पोरीचं रडनं तरी ऐकू येईन.

पाय थांबला.

"दारापाशी माह्ये मानसं बसतीन," बाई म्हने. "तू जाय मशीनीवर."

काम वाचलं म्हनून गेली, पन जीव थाऱ्यावर नाही. दुपारचा भोंगा झाला तशी पयत सुटली. लिंबावर झोयीच नाही. मी बोंबलतच दाराकडं आली.

झोयी दाराच्या आढ्याले बांधेल. दोरी बाईच्या डाव्या अंगठ्याले. संग्रामपूरवाल्या दोघी सरकून उन्हात बसेल, तोंडं फुगवून. अन् त्या अंगठ्यावर दोरी घासून घासून पडेल एक जुना काया वन होता. बाईचं लेकरू आमी कोनीच कधी पाह्यलं नव्हतं.

तेवढ्यात पाय थांबला. गेलं आपलं काम.

पन बाई उठली नाही. ओठावर बोट ठेवून हळूच म्हने, "निजली."

मी दोरी सोडाले हात केला, त तिनं दोरीसकट पाय मांगं घेतला.