झाडाखाली बसण्याची रीतसर पद्धत

माणसाच्या प्रकृतीला निसर्गाचा सहवास मानवतो, हे सत्य आता परिपत्रकानेही मान्य केले आहे (जावक क्रमांकासह). या शोधाचे श्रेय भाऊंचे.

भाऊ म्हणजे नोंद विभागातले सर्वांत जुने कारकून. कार्यालयाच्या आवारात एकच झाड होते आणि भाऊ एकोणीस वर्षे त्याच्याखाली बसून दुपारचा डबा खात. यंदाच्या आरोग्य तपासणीत दोनशे चौदा जणांत रक्तदाब एकट्या भाऊंचाच ठीक निघाला. साहेबांनी ताबडतोब बोलावून घेतले.

"कोणती गोळी घेता?"

"गोळी कसली साहेब, झाडाखाली बसतो."

खरे बोलायची खोड नडते ती अशी. आठवड्याच्या आत निसर्ग-संपर्क योजना लागू झाली. प्रत्येकी नऊ मिनिटे, एका वेळी सहा जण, येता-जाता अंगठा लावून. अंगठ्याचे यंत्र खोडालाच ठोकले (झाडाने लेखी हरकत घेतली नाही). पानांकडे पाहणे सक्तीचे, डुलकी हे गैरवर्तन. पक्षी दिसल्यास शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा. कावळ्याला मात्र वरिष्ठांची सही लागे. पहिल्याच तिमाहीत मनःशांती एकशे चार टक्क्यांवर गेली. वरचे चार टक्के कोणाचे, याची चौकशी चालू आहे.

योजनाप्रमुख अर्थातच भाऊ. त्यांना तळघरात स्वतंत्र खोली मिळाली. खिडकी नव्हती, पण भिंतीवर झाडाचा मोठा फोटो होता. दोनशे तेरा अंगठे जुळवता जुळवता डबा गार होई, कधी तसाच घरी जाई. पुढच्या तपासणीत भाऊंचा आकडा पाहून डॉक्टरांनी आधी यंत्र बदलून पाहिले.

"भाऊ, गोळी तरी सुरू करा, नाहीतर पूर्वीसारखे झाडाखाली बसा."

भाऊंनी नऊ मिनिटांसाठी रीतसर अर्ज केला. तो अभिप्रायासाठी योजनाप्रमुखांकडे, म्हणजे भाऊंकडेच आला. माणूस सरळ. त्यांनी नियमावली दोनदा वाचली आणि शेरा मारला: 'अर्जदाराने एकोणीस वर्षे विनापरवाना लाभ घेतला आहे. अमान्य.' सही करताना मात्र त्यांना भडभडून आले.

"अहो, मग सुट्टीच्या दिवशी जाऊन बसा की!" बायको म्हणाली.

"सुट्टीला यंत्र बंद असतं. मी बसलो होतो हे कळणार कसं?"

यावर तुम्ही खुशाल हसा. भाऊंना राग नाही. उलट हे वाचण्यात गेलेली तुमची दोन मिनिटे निसर्ग-संपर्कात धरायला ते तयार आहेत. फक्त एक रकाना भरायचा राहिला आहे: तुमच्या घरापासून सर्वांत जवळचे झाड कोणते? मान वर न करता सांगा.