गुलाबरावांची हिरवी झेंडी

"फुटबॉलमध्ये पळणं महत्त्वाचं नाही. थांबणं महत्त्वाचं आहे," गुलाबराव मेश्राम पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"मग तुमी लय मोठे खेळाडू असाल," आनंदीबाई पोळी उलटत म्हणाल्या. "गॅस संपत आला म्हणून सांगितलं त्याला तीन दिवस झाले. थांबूनच राहिले ना!"

गुलाबराव रेल्वेत गार्ड. एकतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलेला माणूस. त्याच्या पोटात किती बोलणं साठत असेल याचा विचार करा. ते सगळं जयपूरच्या रेल्वे कॉलनीत, सकाळच्या चहाबरोबर बाहेर यायचं. आधी फुटबॉल, मग देशाच्या बातम्या, मग भेंडी आतून किडकी का निघते. स्वतः गुलाबरावांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. पण मत असायला पाय कशाला लागतो?

त्या दिवशी मात्र मतं लवकर संपली. कारण नागपूरहून आईचा, गंगूबाईंचा, फोन आला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण आवाज खणखणीत. "गुलाब, यंदा दसऱ्याला तुझा हात धरून दीक्षाभूमीवर जाईन म्हणते. पुढच्या वर्षाचं मला विचारू नको बाप्पा."

अकरा वर्षं गुलाबराव दसऱ्याला नागपूरला गेले नव्हते. दरवर्षी रजेचा अर्ज, दरवर्षी एकच उत्तर: सणाची गर्दी, माणसं कमी.

त्याच दिवशी ते अर्ज घेऊन ऑफिसात गेले. रजा आणि ड्युट्या पवनजींच्या हातात. पवनजी मूळचे आपल्याकडचेच, पण वडिलांच्या बदलीबरोबर लहानपणी जयपुरात आलेले. त्यांची मराठी पुरती हिंदीत भिजलेली.

"गुलाबरावजी, अकरा साल झाले, तुमची रजा नाही आणि तुमच्या टीमची जीतही नाही," ते दहा जणांसमोर हसत म्हणाले. दर ऑक्टोबरात ऑफिसवाले आणि गाडीवाले, म्हणजे गार्ड आणि ड्रायव्हर, यांचा सात-सात जणांचा सामना व्हायचा आणि ऑफिसवाले जिंकायचे. "असं करा. रविवारी आम्हाला हरवा. तिथंच मैदानावर सही करतो. पवनचा शब्द मतलब शब्द!"

शब्द दिला खरा, पण शनिवारी संध्याकाळी गाडीवाल्यांचा एकमेव गोल मारणारा गडी, तरुण गार्ड संकल्प, याला निरोप आला: रविवारी मालगाडीवर ड्युटी. ड्युटी कोणी लावली हे सांगायला नकोच.

रविवारी मैदानावर अर्धी कॉलनी जमली. पवनजींनी तर जिंकायच्या आधीच चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, कांद्याच्या कचोऱ्यांची टोपली आणवून ठेवली होती. आणि पंचांचा फोन आला: सीतापुऱ्याजवळ स्कूटर पंक्चर, येणं अशक्य.

"शिट्टी कोणाकडे आहे?" कोणीतरी ओरडलं.

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. गुलाबरावांच्या गळ्यात शिट्टी होती, काखेत लाल-हिरव्या झेंड्या. त्यांच्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नसत.

"ते तर गाडीवाल्यांचे," ऑफिसातला एक जण कुरकुरला.

"असू दे," पवनजी म्हणाले. "गुलाबरावजी खोटं करणार नाहीत. आणि त्यांना खेळातलं कळतं तरी काय?"

हे शेवटचं वाक्य गुलाबरावांना फार लागलं. त्यांनी पंचगिरी पूर्ण शिस्तीत सुरू केली. चेंडूची हवा तपासली, जाळ्या ओढून पाहिल्या, दोन्ही कप्तानांच्या सह्या घेतल्या. मग हिरवी झेंडी दाखवून शिट्टी फुंकली आणि वहीत लिहिलं: "सुटली ४.०७. सात मिनिटं उशीर. कारण पंक्चर."

बारा मिनिटं झकास गेली. मग असिस्टंट ड्रायव्हर उत्कर्षा चेंडू घेऊन एकटी गोलपर्यंत पोचली आणि नेमकी तेव्हाच कॉलनीतली गाय मैदानात शिरली. आता पंचाने शिट्टी वाजवायची. पण एकतीस वर्षांच्या हाताला धोका दिसला की एकच गोष्ट माहीत. गुलाबरावांनी लाल झेंडी फडकावली.

गाडीवाले सातही जण जागच्या जागी थांबले. लाल दिसल्यावर पुढे गेलं तर नोकरी जाते, हे त्यांच्या रक्तातच. ऑफिसवाल्यांना झेंडीचं काय! पवनजींनी उत्कर्षाच्या पायातला चेंडू काढला, गायीला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन गोल केला.

"काका, अहो झेंडी दाखवली ना तुम्ही!" उत्कर्षा रडवेली झाली.

"सीटी वाजली काय? नाही ना?" पवनजी छाती फुगवून म्हणाले. "झेंडीला कोण विचारतो? सीटी म्हणजे सीटी. रूल मतलब रूल!"

नियम खरा होता. गुलाबरावांनी गोल दिला आणि वहीत लिहिलं: "४.१९. गाय. गोल."

मध्यंतरात आनंदीबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या. "काय केलं हो हे? सासूबाईंना आता काय सांगायचं?"

गुलाबरावांना फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात पवनजींनी येऊन त्यांच्या हातात एक गरम कचोरी कोंबली. "घ्या रेफरीजी, मन छोटं करू नका." गुलाबरावांनी ती रुमालात बांधून ठेवली.

मध्यंतरानंतर उत्कर्षा नुसती पेटली होती. तिने डोक्याने मारून बरोबरी केली तेव्हा मैदानात एवढा आरडाओरडा झाला की गाय स्वतःहून निघून गेली. पण बरोबरी म्हणजे विजय नव्हे. तीन मिनिटं उरली. जीव घाबरला की गुलाबराव खातात. त्यांनी रुमालातली कचोरी काढली आणि अख्खी तोंडात घातली.

एवढ्यात मैदानामागच्या रुळावरून मालगाडी आली. आता जाती गाडी दिसली की रेल्वेच्या माणसाने हिरवी झेंडी दाखवायची, सगळं ठीक आहे म्हणून. गुलाबरावांचा हात आपोआप वर गेला. डबे सरकत राहिले आणि शेवटच्या डब्याच्या दारात उभा होता संकल्प. आपली टीम दिसताच त्या पोराला राहवेना, त्याने जीव खाऊन शिट्टी फुंकली.

फुर्र्र!

ऑफिसवाले थांबले. पवनजी तर कमरेवर हात ठेवून पंचाकडे वळले. पण शिट्टी वाजली आणि हिरवी झेंडी दिसली की गाडीवाल्यांना एकच कळतं: निघा. उत्कर्षा सुटली, आणि थेट जाळीत जाऊन थांबली, चेंडूसकट.

"सीटी वाजली! गोल रद्द! सीटी वाजली!" पवनजी नाचायला लागले.

सगळं मैदान गुलाबरावांकडे बघत होतं. गुलाबराव चावत होते. त्यांनी हात वर करून जरा थांबा अशी खूण केली. शेवटचा घास गिळला, मिशा पुसल्या.

"पवनजी, माझ्या तोंडात तुमची कचोरी होती. शिट्टी कशी वाजवू?"

"मग वाजवली कोणी?"

"संकल्पने," उत्कर्षा दूर जाणाऱ्या मालगाडीकडे बोट दाखवून म्हणाली. "तुम्हीच तर ड्युटी लावली त्याची!"

"पण झेंडी? झेंडी कशाला दाखवली?"

"झेंडीला कोण विचारतो?" गुलाबराव शांतपणे म्हणाले. "रेफरीची शिट्टी वाजली नाही. रूल मतलब रूल."

एवढा मोठा हशा त्या मैदानाने कधी ऐकला नसेल. ऑफिसवालेही हसत होते. उरलेली मिनिटं संपली आणि गुलाबरावांनी शेवटची शिट्टी फुंकली: दोन-एक. पवनजींनी दहा जणांसमोर शब्द दिलेला. अखेर आनंदीबाईंनी पदराआडून अर्ज काढला, उत्कर्षाने पाठ वाकवली आणि तिच्या पाठीवर कागद ठेवून पवनजींनी सही ठोकली. गाडीवाल्यांनी उरलेल्या कचोऱ्या संपवल्या.

घरी जाताना गुलाबरावांच्या एकदम लक्षात आलं. "अगं, पण रिझर्व्हेशन? दसऱ्याचं आता काय मिळते?"

"आहे," आनंदीबाई म्हणाल्या.

"आहे? काऊन? कसं काय?"

"दरवर्षी काढते मी. अकरा वर्षं काढून राहिली आणि रद्द करून राहिली. तुमाला काय सांगायचं, उगाच जीवाला लागलं असतं तुमच्या."

फुटबॉल, बातम्या, भेंडी, कशावरही न बोलता गुलाबरावांनी बायकोच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ते दोघं नागपूरच्या गाडीत खिडकीशी बसले. फलाटावर गार्डने शिट्टी फुंकली. गुलाबरावांचा हात सवयीने काखेत गेला. तिथे झेंडी नव्हती, पुऱ्यांचा डबा होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, मागे टेकले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दसऱ्याला, दुसऱ्या कोणाच्या तरी शिट्टीवर, आरामात नागपूरला निघाले.