गरुड-एक आणि मोठं गेट

मी काळजी करणारी आई नाही. मी तयारी करणारी आई आहे! काळजी करणारी आई दवाखान्यात जाताना दोन लंगोट घेते. मी अकरा घेते आणि बारावा पर्समध्ये. चिरंजिवांची सहा महिन्यांची लस दुपारी बारापर्यंतच मिळणार होती. दवाखाना दहा मिनिटांवर, म्हणून मी साडेनऊलाच निघायचं ठरवलं. या योजनेत मी फक्त नवरा धरला नव्हता!

नवऱ्याला यंत्रांचं वेड आहे. विमान न बघता, नुसत्या आवाजावरून त्याचं इंजिन ओळखतो. बाळ भुकेनं रडतंय हे मात्र त्याला सांगावं लागतं. आठवडाभर त्याने बाबागाडीचं काम काढलं होतं. हेडलाइट, इंडिकेटर, बॅटरीवरची मोटर, रेसच्या गाडीसारखा पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि अंतराळयानांच्या मालिकेसारखी धून वाजवणारा हॉर्न. नाव ठेवलं, 'गरुड-एक'. शेवटचा स्क्रू आवळून होईपर्यंत सव्वाअकरा!

दवाखान्याच्या छोट्या फाटकाशी रखवालदाराने हात आडवा केला.

"गाडी इथून नाही. मोठ्या गेटने."

"दादा, बाबागाडी आहे ही!"

त्याने वाकून निरखलं. "ताई, माझ्या स्कूटरला एवढे दिवे नाहीत."

मला वाटलं, आता तरी नवरा बोलेल. बोललाच! "बाबागाडी काय म्हणतेस? चारही चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन आहे!"

"बघा," रखवालदार म्हणाला, "मालकच म्हणतायत."

झालं! आम्ही मोठ्या गेटच्या रांगेत. रखवालदाराने मागोमाग येऊन वही उघडली.

"नंबर?"

"अजून मिळायचाय," नवरा म्हणाला.

"चालक?"

नवऱ्याने अभिमानाने चिरंजिवांकडे बोट दाखवलं.

"लायसन्स?"

"अहो, त्याला अजून दात आले नाहीत!" मी किंचाळले.

"दात नसले तरी चालतील, ताई. लायसन्स लागतं."

अकरा चाळीस! "राहू दे तुमची गाडी. मी त्याला उचलून नेते," म्हणत मी बेल्टचं बटण दाबलं. ढिम्म!

"मोटर चालू असताना बेल्ट उघडत नाही," नवरा म्हणाला. "सुरक्षेसाठी."

"मग मोटर बंद कर!"

"तेवढं बटण बसवायचं राहिलंय."

मागच्या ट्रकने हॉर्नवर हॉर्न दिले. मग त्यातून कुस्तीच्या आखाड्यातून उठून आल्यासारखा एक ड्रायव्हर बाह्या सावरत उतरला. मी डोळे मिटले. उघडले, तर तो गरुड-एकशेजारी उकिडवा!

"मोटर किती वॉटची?"

संपलं! तिघे पुरुष रस्त्यात हरवलेली अंगठी शोधावी तसे गाडीखाली डोकं घालून बसले. मी आत धावले आणि लस देणाऱ्या सिस्टरना जवळजवळ ओढत बाहेर आणलं. बाराला पाच कमी!

"बाराला माझी पेटी बंद," सिस्टर म्हणाल्या. "आधी वजन. वजन लिहिल्याशिवाय मी टोचत नाही."

"माझ्याकडे मालाचा काटा आहे!" ड्रायव्हर ओरडला. त्याने काटा काढून चिरंजिवांसकट गरुड-एक उचलून त्यावर ठेवली.

"एकेचाळीस किलो."

सिस्टर नवऱ्याकडे वळल्या. "नुसत्या गाडीचं वजन किती?"

"बॅटरी धरून की सोडून?" त्याचे डोळे चमकले. "हेडलाइट मी मुद्दाम हलके घेतलेत, पण मागचा अॅक्सल..."

सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि कार्डावर सरळ 'एकेचाळीस' लिहून मांडीत सुई टोचली. लस मिळाली! चिरंजिवांनी हूं की चूं केलं नाही, हॉर्न मात्र असा वाजवला की दोन मजल्यांवरचे पेशंट खिडकीत आले. बेल्ट उघडला दुपारी दोनला, बॅटरी संपल्यावर.

घरी येताच मी ते कार्ड लपवणार होते. पण सासूबाईंनी चष्मा लावून आधीच हातात घेतलं. वजनाच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग सुस्कारा सोडून म्हणाल्या, "एवढंच? तरी मी म्हणतच होते, पोर पार वाळलंय!"

मी हसले. मोठ्याने हसले. आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मी त्याला दोन चमचे जास्तच भरवते.