नमुना क्रमांक एकसष्ट

गेलेल्या माणसाच्या प्रकृतीची काळजी घेण्याची कोणतीही सोय अद्याप उपलब्ध नसल्यामुळे, घरात उरलेली माणसं हात धुऊन एकमेकांच्या प्रकृतीच्या मागे लागतात. ही सर्वत्र मान्य झालेली पद्धत आहे आणि तिच्यात आजवर कोणी खोट काढलेली नाही.

या घरात आई गेली तेव्हा उरलेली माणसं तीन होती: बाबा, थोरली लेक आणि धाकटा मुलगा. आईला जे झालं त्याचा खाण्यापिण्याशी काडीचाही संबंध नव्हता, असं तीन डॉक्टरांचं मत पडलं. कुटुंबाने आपापसांत चौथं मत तयार केलं आणि ते एकमताने मंजूर केलं: इथून पुढे नीट खायचं. धाकटा विमानाने दोन तासांच्या अंतरावर राहत असे. त्याने पहिल्याच महिन्यात घरी रस काढायचं यंत्र, तेलाशिवाय तळायचं यंत्र, मोड आणायची तीन मजली बरणी आणि पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. (घड्याळ बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ते अकरा सेकंद मागे निघालं. ज्याला वेळ कळत नाही त्याला पावलं काय कळणार, असं म्हणून ते परत खोक्यात गेलं.)

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बाबांना वजनकाट्यावर उभं केलं, तेव्हा या उपाययोजनांचं फळ दिसून आलं. बाबा सात किलोंनी कमी झाले होते.

"पुढच्या तीन महिन्यांत तीन किलो तरी भरून काढा," डॉक्टर म्हणाले.

"तीन भरले तर ठीक," धाकटा फोनवर म्हणाला. "नाहीतर मी येतो आणि तुम्हाला इकडे घेऊन जातो, बाबा. घराला कुलूप. आता यावर चर्चा नको."

धाकट्याला लहानपणी भीती वाटली की तो रडत असे. मोठेपणी तो हुकूम सोडत असे. त्याच्या फ्लॅटमध्ये बाबांसाठी खोली तयार होती. तिला खिडकी होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसत होती. बाबांना घर सोडायचं नव्हतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे आईचा ॲप्रन अजून लटकत होता आणि तो धुवायला टाकण्याचा विषयही कोणी काढत नव्हतं, त्यामुळे विचारायची गरज पडली नाही.

इथे बाबांच्या पात्रतेविषयी सांगणं आवश्यक आहे. छत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराने तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक ते म्हणे दुकानाच्या पायरीवरूनच ओळखत. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल किंवा घड्याळ न देता पितळी प्रमाणित वजनांचा संच दिला होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अशा माणसाच्या अंगात सात किलोंची तूट निघावी, ही खात्याच्या इभ्रतीची बाब होती. बाबांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

आयुष्यात चहापलीकडे काहीही न केलेल्या माणसाने स्वयंपाकाची इतकी निर्दोष पद्धत बसवावी, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. प्रत्येक जिन्नस ग्रॅमवर मोजला जाई. साखर, मैदा, तळण आणि आवड या चार गोष्टी वर्ज्य होत्या. पदार्थ तयार झाला की परीक्षक (बाबा) त्यातले दोन चमचे चाखत, वहीत नोंद करत, आणि उरलेला पदार्थ डब्यात बंद करून, वर क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी डकवून फ्रीजरमध्ये ठेवत. पुढेमागे वाद निर्माण झाला तर नमुना हाताशी असावा, हा हेतू. वाद घालायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पण नियम हे माणसं बघून करायचे नसतात.

अकरा आठवड्यांत एकसष्ट प्रयोग झाले. त्यांपैकी एकोणीस भोपळ्याच्या सूपचे होते. बारा प्रयोग ओट्सच्या कटलेटचे झाले. त्यांतलं सातवं ओट्यावरून पडलं आणि उसळून पुन्हा हाताशी आलं. एक केक साखर, मैदा, लोणी आणि अंडं यांच्याशिवाय करण्यात आला. त्यात केकचं असं काही राहिलं नव्हतं, पण आकार गोल होता. पालक, काकडी आणि दुधी यांच्या रसाचा रंग पाहून खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी विचारलं होतं, "साहेब, भिंतीला की दाराला?" सर्व एकसष्ट पदार्थ शंभर टक्के आरोग्यदायी होते. ते खाण्याजोगे किती होते याची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण वहीत तसा रकाना नव्हता.

देखरेखीची जबाबदारी थोरलीकडे होती. ती दोन बसथांबे पलीकडे राहत असे आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. दर रविवारी दुपारी ती येई, बाबांची वही मांडीवर घेई आणि लाल पेन्सिलीने तपासे. ऱ्हस्वदीर्घ सुधारी, निसटलेला अनुस्वार जागेवर बसवी, पानाखाली सही करी आणि निर्धास्त मनाने घरी जाई. वहीत "दोन चमचे घेतले. समाधानकारक नाही" हे वाक्य एकसष्ट वेळा आलं होतं. त्यात शुद्धलेखनाची चूक नसल्यामुळे तिने ते एकदाही वाचलं नव्हतं.

डॉक्टरांच्या तपासणीला दोन दिवस उरले असताना ती बाबांकडे निघाली होती, तेवढ्यात जिन्यात शिंपीकाकांनी तिला अडवलं. त्यांच्या हातात बाबांचा जाड करडा कोट होता.

"ताई, हा वर नेता का? साहेबांना घाई होती."

"या उकाड्यात कोट?"

"मीही तेच विचारलं. आत चार खिसे शिवून घेतलेत. दुहेरी शिलाई. म्हणाले, एकूण तीन किलो वजन पेललं पाहिजे." शिंपीकाकांनी टेप गळ्यात नीट केली. "मी लहान तोंडी मोठा घास घेत नाही ताई, पण त्यांच्या पँटची कंबर मी या तीन महिन्यांत दोनदा आत घेतली. कंबर कमी होतेय आणि खिसे वाढतायत. आमच्या धंद्यात असं होत नाही."

थोरली वर गेली. बाबा बाजारात गेले होते. तिने कोट खुर्चीवर ठेवला आणि फ्रीजर उघडला.

आत डबे इतके शिस्तीत रचलेले होते की एखाद्या संग्रहालयाने हेवा करावा. तिने एक काढला, दुसरा काढला, मग सगळे टेबलावर मांडले. प्रत्येक डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. प्रत्येकातून फक्त दोन चमचे गेलेले होते. चिठ्ठ्यांवर क्रमांकाखाली एकेक ओळ होती, जी वहीत नव्हती. 'तिच्यापेक्षा घट्ट.' 'तिच्यासारखा वास नाही.' 'जवळपास, पण नाही.' एकसष्टाव्या डब्यावर, भोपळ्याच्या एकोणिसाव्या सूपवर, नुसतं 'नाही' होतं.

बाबा आले तेव्हा ती टेबलापाशी बसलेली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, टेबलाकडे पाहिलं, मग कोटाकडे.

"नमुने बाहेर काढायला परवानगी लागते," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही हे खाल्लं का नाही?"

"नमुना तपासायचा असतो. खायचा नसतो. छत्तीस वर्षांत मी दुकानदाराचा एक दाणा तोंडात टाकला नाही."

"आणि कोटाचे खिसे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "वजनं प्रमाणित आहेत," ते म्हणाले. "एका ग्रॅमचीही फसवणूक होणार नाही."

आयुष्यभर चुंबकं पकडलेल्या माणसाने फसवणूक करतानाही वजनं खरी वापरावीत, याहून सचोटीचा पुरावा कोणत्याही खात्याला देता येणार नाही. थोरली हसली नाही. तिने एकसष्टावा डबा पातेल्यात उलटा केला आणि गॅस लावला.

"हे सगळं आईच्या हाताशी ताडून बघत होतात?"

"काहीतरी प्रमाण धरावंच लागतं."

"बाबा," थोरली अगदी हळू म्हणाली, "आईला स्वयंपाक येत नव्हता."

पातेल्यातलं सूप वितळू लागलं होतं.

"तिचं सूप दर वेळी खाली लागायचं," थोरली पुढे म्हणाली. "मिठाच्या बरणीला टेकवून कादंबरी वाचायची आणि प्रकरण संपेपर्यंत ढवळायची नाही. मला शाळेत असताना वाटायचं, भोपळा काळाच असतो."

"हे तू आज सांगतेस?" बाबा एकदम उसळले. "चाळीस वर्षं मी हेच म्हणत होतो! तेव्हा दर वेळी तिची बाजू घ्यायचीस. 'बाबा, किती छान झालंय, तुम्हाला चवच नाही!' कोण म्हणायचं?"

"मीच म्हणायचे."

"खोटं बोलायचीस!"

"हो."

"आणि ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, 'बघा, पोरीला कळतं.'" बाबा खुर्चीत बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. थोरली घाबरून उठली. पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे टिपले आणि मग नाक वर करून हुंगलं.

"अगं, सूप!"

सूप खाली लागलं होतं. बोलण्याच्या नादात दोघांनीही ढवळलं नव्हतं. थोरलीने ते तसंच दोन वाडग्यांत वाढलं. बाबांनी पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि सवयीने वहीकडे हात नेला. थोरलीने वही उचलून आपल्या बुडाखाली घेतली. बाबांनी तिसरा चमचा घेतला. अकरा आठवड्यांत प्रथमच.

"भयंकर झालंय," ते म्हणाले आणि वाडगा पुढे केला. "अजून आहे?"

तथापि दोन दिवसांत तीन किलो भरत नाहीत. हे जीवशास्त्राला माहीत आहे, आणि प्रूफं तपासणाऱ्यांनाही. तपासणीच्या सकाळी थोरलीने स्वतःच्या हाताने बाबांना तो कोट चढवला. "बाहेर गार आहे," ती म्हणाली. बाहेर लोक रुमालाने मानेवरचा घाम पुसत होते. व्यवसायात एक स्वल्पविराम न सोडणारी ही बाई त्या दिवशी तीन किलो पितळ बिनदिक्कत सोडून देत होती.

धाकटा विमानतळावरून थेट दवाखान्यात आला होता. त्याच्याकडे बाबांसाठी आणलेली एक रिकामी बॅग होती.

"काटा कधी तपासून घेतलाय?" बाबांनी नर्सला विचारलं.

"कोट काढा आजोबा," नर्स म्हणाली. तिने तो हातात घेतला, तिचा हात गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि कोट खुर्चीवर आपटून खणकन वाजला. सगळ्यांनी कोटाकडे पाहिलं. बाबा काट्यावर चढले. मागच्या वेळेपेक्षा दीड किलो कमी.

धाकट्याने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "ठरलं होतं, बाबा." त्याचा आवाज मात्र हुकमाचा राहिला नव्हता.

डॉक्टरांनी रक्ताचे अहवाल पाहिले. ते उत्तम होते. "रोज जेवताना समोर कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"वही," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन उघडलं. मग चिठ्ठीवर लिहिलं: 'रात्रीचं जेवण, रोज, कोणाबरोबर तरी. वही वर्ज्य. एक महिना.' हे औषध कोणत्याही दुकानात मिळत नसल्याने धाकट्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि बहिणीकडे पाहिलं.

"ताई, तुला जमेल रोज?"

"जमेल. पण मला स्वयंपाक येत नाही."

"आईची लेक ना, मग कसा येणार!" बाबा म्हणाले. त्या वाक्यावर धाकटा, जो तीन महिने फक्त सूचना देत होता, दवाखान्याच्या बाकावर बसून लहानपणासारखा रडला. बॅग रिकामीच परत गेली. जाताना त्याने बजावलं की महिन्याभराने तो पुन्हा येईल, मात्र जेवायला.

त्यानंतर थोरली रोज छापखान्यातून सरळ बाबांकडे जाऊ लागली. नमुने क्रमाने संपवण्यात आले. सातव्या कटलेटला दोन दिवस लागले. पदार्थांचा दर्जा घसरला, तेलाचा वापर वाढला, वाद रोज होऊ लागले आणि नमुना मात्र एकही शिल्लक राहिला नाही. महिन्याअखेर बाबांचं वजन बाराशे ग्रॅमने वाढलं. कोटाशिवाय.

या हकिकतीतून आरोग्यविषयक निष्कर्ष काढण्याचा मोह वाचकाने आवरावा. ती वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात घरातल्या कोणीतरी तुम्हाला दोनदा जेवायला हाक मारली आहे आणि तुम्ही दोन्ही वेळा मान वर न करता "आलोच" म्हणाला आहात. तिसरी हाक अजून आलेली नाही. ती येईल, असं तुम्ही गृहीत धरलं आहे.