तांब्याचं वऱ्हाड

बाभळीला अडकलेली एक निळी पिशवी. वारा आला की ती रुसलेल्या माणसाच्या गालासारखी फुगते, आणि कुणी विचारलं नाही की पुन्हा बसते.

धुक्यातून एक शिट्टी.

मुकुंदवाडीतल्या एका घराचा हॉल. भिंतीवर फोटो, फोटोला सोनेरी चौकट.

थंडीत काकडणारं गुलाबाचं फूल.

तांबे! पितळेचे, स्टीलचे, एक तर चक्क चांदीचा!

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं, तर सूर्यभानपासून सुरुवात केलेली बरी. बिडकीनच्या अलीकडं त्याचं गाव. घरी तूर-कापसाची शेती, ग्रामपंचायतीत सदस्य, आणि स्वप्नं बघण्यात तालुक्यात पहिला! लोकांच्या स्वप्नात पूर्वज येतात, सूर्यभानच्या स्वप्नात पिशव्या यायच्या. गावाभोवतीच्या काट्याकुट्यांत अडकलेल्या सगळ्या पिशव्या हळूच सुटायच्या, वर जायच्या, जाता जाता त्यांचे बगळे व्हायचे आणि ते बगळे ओळीनं जायकवाडीकडं निघून जायचे. झोपेत तो गोड हसायचा.

"आवं, झोपंत हसत नका जाऊ," सरूबाई, त्याची बायको, म्हणायची. "गोठ्यात म्हैस बुजती!"

राज्यात प्लॅस्टिकबंदी होऊन वर्षं लोटली होती. पण ती मुंबईहून निघाली आणि वाटेत कुठंतरी दमून बसली असावी. गावापर्यंत काही पोचली नाही. म्हणून सूर्यभाननं ग्रामसभेत स्वतःच ठराव मांडला. एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक गावच्या शिवेत आणील त्याला दंड, मग तो कुणी का असेना!

"सुरुवात माझ्या घरापासून!" तो गरजला. "माझ्या दीपमालाच्या लग्नात प्लॅस्टिकचा एक ग्लास दिसला, तर ही मिशी भर चौकात उतरवीन!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. मिशी उतरलेली बघायची सगळ्यांचीच इच्छा होती.

पण पाणी द्यायचं कशात? मंडपवाल्याकडचे ग्लासही प्लॅस्टिकचेच. सूर्यभाननं रात्री स्वप्न बघितलं आणि सकाळी लग्नपत्रिकेत एक ओळ घातली : येताना आपापला तांब्या आणावा.

सरूबाईनं कपाळाला हात लावला. "लोक पत्रिकेत आहेर आणू नका म्हणून लिहितेत, तुमी तांब्या आणा म्हणून लिहिलं! इवाई कसला ताठ माणूस हाय ठाऊक हाय ना? चहा गार दिला म्हणून थोरल्या पोराची एक सोयरीक मोडलीय त्यानं! पोरीचं काय कमी-जास्त झालं तर तुमचा तांब्या घिऊन बसा!"

व्याही म्हणजे रामप्रसाद. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याला अपमान सहन होत नसे, आणि लेखी सूचना मोडलेलीही सहन होत नसे. पत्रिकेत तांब्या आहे म्हणजे तांब्या! त्यानं बसच्या दारात उभं राहून प्रत्येकाचा हात तपासला आणि मगच माणूस आत घेतला.

मुहूर्त सकाळचा. गावचा रस्ता सिमेंटसाठी उकरलेला, म्हणून उजाडता उजाडता बस फाट्यावरच थांबली आणि वऱ्हाड नाल्याच्या वाटेनं पायी निघालं. धुकं इतकं दाट की माणसं दिसतच नव्हती. हाताच्या उंचीवर तांबेच तेवढे चमकत, डुलत, तरंगत नाल्याकडं चालले होते. बघणाऱ्याला वाटावं, रात्रीच्या चांदण्या आंघोळीला निघाल्यात!

बघणारं होतं गुड मॉर्निंग पथक. उघड्यावर परसाकडं जाणाऱ्यांना पहाटे पकडायचं, हार घालून, गुलाब देऊन लाजवायचं आणि फोटो काढायचा, हे पथकाचं काम. तुरीच्या आड दबा धरून बसलेल्या पथकप्रमुख सुकेशनी मॅडमनी डोळे चोळले. आजवर एकेकटा इसम सापडायचा. आज अख्खी जत्रा! बायकापोरांसकट! फेटे बांधून!

त्यांनी शिट्टी फुंकली.

सूर्यभान तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून डुलकी घेत होता. बगळे चालले होते. त्यातल्या एका बगळ्यानं शिट्टी वाजवली. सूर्यभान दचकून उठला आणि नाल्याकडं पळत सुटला.

बघतो तर रामप्रसादच्या गळ्यात हार! हातात गुलाब! तोंडभर हसू!

"या इवाई, या!" रामप्रसाद ओरडला. "काय इंतजाम केलाय! शिवंवरच स्वागत, तेबी शिट्टी वाजवून!"

पलीकडं सुकेशनी मॅडम रामप्रसादच्या बहिणीला, म्हाळसाबाईंना, खडसावत होत्या. "आजी, या वयात? लाज नाही वाटत?"

"वाटती की गं बाई!" म्हाळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "माज्या सवताच्या लग्नातबी येवढं कुनी केलं नव्हतं!"

गुलाब पुरेनात; शेवटचं एक मॅडमनी फोटोसाठी राखलं. मागच्यांना नुसत्या टाळ्या मिळाल्या, त्यावरही ते खूश! कॅमेरा बघून सगळ्यांनी तांबे उंच धरले.

मॅडमनी सूर्यभानला बाजूला ओढलं. "तुम्ही सदस्य ना? खबर मिळाली म्हणून आलो, पण एवढे लोक? आणि शरम नाही, हसताहेत!"

"खबर... व्हय का," सूर्यभानला ठसका लागला. "मॅडम, वऱ्हाड हाय वो ते! तांब्या पाणी प्यायला हाय. प्लॅस्टिकबंदी!"

"रोज नवं कारण! कालचा म्हणाला, तुळशीला पाणी घालायला चाललोय. ते काही नाही, फोटो ग्रुपवर जाणार. उघड्यावर बसणाऱ्यांचा सत्कार!"

सूर्यभानच्या डोळ्यांपुढं मांडव दिसला, हळदीच्या पाटावर एकटीच बसलेली दीपमाला दिसली.

"कसला ग्रुप?" रामप्रसाद जवळ आला. "आमालाबी घ्या की त्यात!"

"तुमी... तुमी व्हा म्होरं! चहा गार व्हतोय!"

हा मंत्र लागू पडला. वऱ्हाड झपाझप निघालं. जाताना रामप्रसादच्या हातातलं गुलाब चमकलं. गुलाब कधी चमकतं का? सूर्यभाननं मॅडमच्या हातात उरलेलं शेवटचं फूल निरखलं आणि त्याला खडबडून जाग आली.

"मॅडम, हे काय?"

"गुलाब."

"आन् गुलाबाच्या अंगावर?"

मॅडमनी बघितलं. चकचकीत, पारदर्शक, कुरकुर वाजणारं.

"एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक," सूर्यभान मृदू आवाजात म्हणाला. "आमच्या शिवंत. मग तो कुनी का असंना, असा ठराव हाय. पहिला दंड पथकाला! काढू फोटो? आमचाबी ग्रुप हाय."

मॅडमनी मोबाइल खाली घेतला. धुकं विरळ होऊन कोवळं ऊन तुरीवर उतरलं.

"फोटोखाली काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

सूर्यभाननं डोळे मिटले. "लिहा : सवताचा तांब्या घिऊन प्लॅस्टिकमुक्त लग्नाला आलेल्या वऱ्हाडाचं पथकातर्फे स्वागत. आन् मॅडम, जेवूनच जायचं. तांब्या मी देतो."

तेवढ्यात वारा आला. गुलाबावरचा प्लॅस्टिकचा कागद निसटला, वर गेला आणि बाभळीवर निळ्या पिशवीच्या शेजारी जाऊन बसला. सूर्यभाननं तो बगळा आहे असं समजून घेतलं.

लग्न लागलं. मिशी राहिली. रामप्रसादनं तो फोटो सोनेरी चौकटीत बसवून मुकुंदवाडीतल्या आपल्या हॉलमध्ये लावला. दर दिवाळीला सूर्यभानला नेमकं त्याच्याच खाली बसवतात, आणि म्हाळसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सोयरे असे पायजेत! शिवंवर मानसं उभी केली व्हती आमच्यासाटी!" सूर्यभान बशीत बघत चहा पितो.

लग्नाच्या आदल्या सोमवारी पथकाला एक फोन आला होता : पाहुणे यायचेत, गावाची अब्रू जाईल, आमच्या नाल्यावर माणसं पाठवा. तो फोन सूर्यभानचा होता.