नाकातलं वजन

मी घरात एकास बहात्तर मापाचं लष्करी हेलिकॉप्टर जोडायला घेतलं, त्या दिवसापासून माळावरच्या हवाई तळावरचं खरं हेलिकॉप्टर त्याच्याबरहुकूम होऊ लागलं.

मला हे तीन आठवडे माहीतच नव्हतं. मी डिप्लोमा पाचव्या सत्रात सोडला होता. नापास होऊन नाही, कंटाळून. आमच्या घरात हा फरक कुणी मानत नाही. दिवसभर खोलीत बसून मी प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापून काढायचो, पॉलिश पेपरने कडा घासायचो, आणि चिमट्याने धरून चिकटवायचो. एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी भाग. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर रंगावर धूळ बसते. शेवाळी हिरवा पहिला हात, मग चिकटपट्टी लावून मातकट पट्टे. चिकटपट्टी ओढून काढताना खालची कड सरळ निघाली की अंगावर काटा येतो. एवढा आनंद मला कुठल्याही निकालाने दिलेला नाही, आणि तसे निकालही फार नव्हते.

सोमवारी सकाळी तळावरून स्क्वाड्रन लीडर थोपटे आल्या. गणवेशात होत्या, हातात फाईल होती. आईने दार उघडलं आणि बाबांना हाक मारली. बाबांनी मला हाक मारली. आमच्याकडे कुणी अधिकारी आला की तो माझ्यासाठीच असणार, अशी त्यांची पक्की खात्री आहे.

थोपटे मॅडमनी विचारलं, हेलिकॉप्टर कोण जोडतंय. मी म्हणालो, मी. त्यांनी फाईल उघडली आणि एक फोटो पुढे ठेवला. खऱ्या हेलिकॉप्टरच्या डाव्या दारावर अंगठ्याचा ठसा होता, दीड मीटर लांब. रंग ओला असताना माझा अंगठा लागला होता. रेशन दुकानातल्या यंत्राशी ताडून पाहिल्यावर त्यांना आमचा पत्ता मिळाला होता.

"शेपटीवर एक पांढरा केस आहे," त्या म्हणाल्या. "दोन मीटर सोळा सेंटिमीटर. जाडी सुतळीएवढी. कुणाचा?"

"बाबांचा," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहून घेतलं. बाबांचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

पुढच्या आसनावरच्या प्लास्टिकच्या वैमानिकाच्या ओठावर माझा काळा ब्रश घसरला होता. मॅडम म्हणाल्या, त्या आत बसल्या की त्यांना मिशी येते, उतरल्या की जाते. मी माफी मागितली. पुसू का, असंही विचारलं. राहू दे म्हणाल्या, तपासणीला उपयोगी पडते.

या किरकोळ बाबी होत्या. त्या ज्यासाठी आल्या होत्या ती बाब टेबलावर दिसतच होती. माझं हेलिकॉप्टर शेपटीवर बसलं होतं. पुढचं चाक हवेत, नाक वर. शनिवारी मी चाकं चिकटवली, सरळ उभं केलं आणि हात काढला, तर ते मागे कललं आणि शेपूट टेकवून बसलं. त्याच मिनिटाला तळावर साडेअठरा मीटरचं यंत्र मागे कलून बसलं होतं, आणि त्याचं नाक शेडच्या छताला लागलं होतं.

"नाकात वजन घातलं नाहीस," मॅडम म्हणाल्या.

त्यांना मॉडेलमधलं कळतंय हे पाहून मला एकदम बरं वाटलं. पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं: दोन अर्ध्या बाजू बंद करण्याआधी नाकात सात ग्रॅम वजन घाला. ते मी घालणारच होतो. त्या दिवशी बाबा दारात येऊन उभे राहिले. ते कधी आत येत नाहीत आणि जातही नाहीत. चौकटीला खांदा लावून उभे राहतात. म्हणाले, "याचा उपयोग काय?" मी कड घासत राहिलो. त्यांनी परत विचारलं. माझं डोकं फिरलं, मी दोन्ही बाजू दाबून बंद केल्या आणि रबर लावून टाकलं. वजन टेबलावरच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आईने केराबरोबर झाडून टाकलं.

मॅडमच्या फाईलमध्ये 'बिघाडाचे कारण' असा रकाना होता. मी सांगितलं ते त्यांनी तसंच लिहिलं: वडील दारात उभे होते.

"हे काढा," बाबा म्हणाले.

"लेखी हरकत घेता येईल," मॅडम म्हणाल्या. "सात दिवसांच्या आत."

बाबांनी त्याच दुपारी दोन पानी हरकत लिहिली, समास आखून. एका सरकारी कचेरीत ते एकतीस वर्षं नकाशे काढायचे. कालवे, बंधारे, पूल. त्यांनी आखलेलं एकही काम जमिनीवर उतरलं नाही. वाया गेलेला मात्र मी.

पुढच्या रकान्यात जोडणाऱ्याची शैक्षणिक पात्रता विचारली होती. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण अशा दोनच चौकटी होत्या. मॅडमनी मधल्या रेघेवर खूण केली.

मग त्यांनी वरिष्ठांचा शेरा वाचून दाखवला. गुरुवारी सकाळी दहाला तपासणी आहे. तोपर्यंत हेलिकॉप्टर तीन चाकांवर उभं राहिलं पाहिजे. राहिलं नाही तर ते मॉडेल अनुभवी, ज्येष्ठ व्यक्तीच्या ताब्यात द्यावं, आणि त्या व्यक्तीने ते फळीवर कायमचं चिकटवावं.

"चिकटवलं तर उभं राहील," मी म्हणालो. "उडणार नाही."

"नाही उडणार," मॅडम म्हणाल्या. "ते मीच उडवते. म्हणून आदेश पोस्टाने न पाठवता मी स्वतः आले."

ज्येष्ठ व्यक्ती लगेच मिळाली. संध्याकाळी मामा आला. शाळेचा पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून तो इतरांच्या घरांचं पर्यवेक्षण करतो. त्याने हेलिकॉप्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, एवढा विचार कशाला, फळीवर चिकटव, वर काचेची पेटी कर, दिवाणखान्यात ठेव, येणारेजाणारे बघतील. बाबांनी माळ्यावरून सागवानी फळीचा तुकडा काढलासुद्धा, घासून पॉलिशही केलं. दोघं एवढे खूश होते की मला कळून चुकलं, हेच यांचं आवडतं काम. उडणारं काहीही सापडलं की त्याला फळी शोधायची. स्वतः चिकटून बसलेत ते बसलेतच, वर डिंकाची बाटली घेऊन पोरांच्या मागे फिरतायत. मी हे मामाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या वयात आम्ही उलट बोलत नव्हतो." मी म्हणालो, "ते दिसतंच आहे." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, भाकरी गार होतेय, भांडण नंतर करा.

मंगळवारी मी नदीवर गेलो आणि मासेमारी करणाऱ्या काशिनाथ भोयांकडून जाळ्याला लावायचे शिशाचे बारीक मणी मागून आणले. चार मिलिमीटरचे, गोल. बुधवारी मॅडमना फोन करून बेत सांगितला. बंद झालेलं हेलिकॉप्टर उघडलं तर रंग फाटेल, म्हणजे तळावरचा पत्राही फाटेल. पण नाकाखाली दिव्याचं भोक होतं आणि दिव्याची काच मी अजून लावली नव्हती. त्या भोकातून मणी एकेक करून आत सोडायचे.

मॅडमनी तिकडे हिशेब केला. इकडचा एक मणी म्हणजे तिकडे एकशे बेचाळीस किलोचा शिशाचा गोळा, कलिंगडाहून मोठा. "प्रत्येक गोळ्यामागे माझा दीड जवान कमी होणार," त्या म्हणाल्या. "एरवी तीस नेते. पत्रकाप्रमाणे सात ग्रॅम म्हणजे अठरा मणी घातलेस, तर तीनच उरतील. कमीत कमीत बसव."

गुरुवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. फोन स्पीकरवर ठेवला. तिकडे शेडमध्ये मॅडम आणि एक सार्जंट वही घेऊन उभे. मी मण्याला गोंदाचा थेंब लावला, चिमट्याने भोकात सोडला आणि सुईने आत ढकलला.

फोनमधून धप्प असा आवाज आला.

"एक," सार्जंट म्हणाला.

दुसरा मणी, धप्प. तिसरा. पाचव्याला शेपूट हलली असं मला वाटलं. मॅडमनाही वाटलं. सातव्याला काहीच नाही. असंच चाललं तर अठराच लागणार.

"जितकं पुढे जाईल, तितकं कमी लागेल."

बाबा दारात उभे होते. चौकटीला खांदा लावून. मी वळून पाहिलं तेव्हा ते हेलिकॉप्टरकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. बोटाने हवेत एक आडवी रेघ आखून म्हणाले, टेकू मागच्या चाकांवर आहे, तिथून लांब ढकल, टोकाला. अगदी टोकाला.

हे बरोबर होतं, याचा मला भयंकर राग आला. मी वाकडी सुई घेतली आणि आठवा मणी पार टोकाच्या खोबणीत दाबला. नववा त्याच्या शेजारी. दहावा. तिकडे छत पेलणारी एक लोखंडी कैची करकरली, ती फोनमधून ऐकू आली. अकरावा मणी आत गेला, आणि हेलिकॉप्टरने नाक हळूच खाली घेतलं. पुढचं चाक टेबलाला टेकलं. टिक, एवढाच आवाज. तिकडून मात्र जो आवाज आला त्याने फोन टेबलावर सरकला.

"अकरा," सार्जंट म्हणाला. "साडेसोळा जवान कमी. साडेतेरा बाकी."

"अर्ध्याचं काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज हसत होता. "दिव्याची काच लाव. मी आत बसते."

मी काच लावली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट शेवटच्या भागापर्यंत पुरी झाली होती. एकशे अठ्ठ्याऐंशी.

दहा वाजता तपासणी झाली. वरिष्ठांनी अंगठ्याला आक्षेप घेतला, केसाला घेतला, मिशीला घेतला नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी टेबलावर हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला. माझ्या खोलीतले पॉलिश पेपरचे तुकडे उडाले. मागच्या दोन चाकांनी टेबल सोडलं, मग पुढच्या. पंचवीस सेंटिमीटरचं हेलिकॉप्टर बाबांच्या छातीएवढ्या उंचीवर आलं, एक गिरकी घेतली आणि खिडकीकडे निघालं.

खिडकीला जाळी होती. डासांसाठी बाबांनी स्वतः बसवलेली, चौदा स्क्रू मारून. हेलिकॉप्टर जाळीला टेकलं आणि तिथेच घरघरत राहिलं.

फोन वाजला. "मी माळावर चाळीस मीटर उंचीवर आहे," मॅडम म्हणाल्या. "समोर आकाश मोकळं आहे, पण पुढे जाता येत नाही. तुझ्याकडे काही आहे का?"

"जाळी," मी म्हणालो.

"किती वेळ लागेल? इंधन मोजकं आहे. खाली वरिष्ठ उभे आहेत, हातात डिंकाचा आदेश आहे."

बाबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. त्यांनी आयुष्यात घाई केलेली नाही. वरून सुरुवात केली, प्रत्येक स्क्रू काढून खिशात ठेवला. तीन झाले, चार झाले. पाचवा गंजला होता. ते त्याला तेल आणायला निघाले.

"बाबा, फाडा," मी म्हणालो.

"नवी जाळी आहे."

"ते आत अडकलंय. तुम्हाला दिसतंय ना?"

त्यांनी माझ्या टेबलावरचा कटर उचलला आणि जाळी उभी चिरली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मोजपट्टी न लावता. रेघ अगदी सरळ आली. हेलिकॉप्टर त्या फटीतून बाहेर पडलं, समोरच्या गच्चीवरच्या वाळत्या चादरींवरून गेलं आणि ठिपका झालं. त्याच वेळी माळाच्या बाजूने खऱ्या पंख्यांचा आवाज आमच्या घरावरून गेला. आईने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन वर पाहिलं. मामा फोनवर कुणाला तरी सांगत होता, की हे सगळं त्याच्या मार्गदर्शनाखाली चाललंय.

मॅडमना द्यायच्या अहवालात मी लिहिलं. अडथळा: वडिलांनी बसवलेली जाळी. अडथळा दूर करणारे: वडील. बाबांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि आधीची हरकत मागे घेतल्याचा अर्ज केला. समास आखून.

हेलिकॉप्टर साडेअकराला परत आलं, चाकांना चिखल लावून. तोपर्यंत बाबांनी ती सागवानी फळी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. डिंक आणला नव्हता. कंपास काढून फळीवर पांढरं वर्तुळ काढलं होतं, मधोमध इंग्रजी एच, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. हेलिकॉप्टर नेमकं त्यावर उतरलं. पंखा थांबला. मॅडमनी फोन करून सांगितलं की तळावर शेडसमोर सागवानी उतरतळ आलेला आहे, उत्तम पॉलिश केलेला, आणि वरिष्ठांनी तो साठा वहीत नोंदवला आहे. आखणाऱ्याचं नाव हवं होतं. मी बाबांचं पूर्ण नाव दिलं. एकतीस वर्षांनंतर त्यांचं पहिलं काम जमिनीवर उतरलं होतं.

वर्तुळ मात्र दोन मिलिमीटर डावीकडे गेलं होतं. मी ते बाबांना सांगितलं, आणि अहवालातही लिहिलं.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "चौदा सेंटिमीटर मी सांभाळून घेईन."