रुग्णवाहिकेची उत्तरपूजा

काशीतल्या बालाजी घाट परिसरातल्या सेवा मंडळाने आपल्या रुग्णवाहिकेत यापुढे इंधन म्हणून पाणी वापरावे, असा ठराव एकमताने संमत केला. एकमताने, कारण ठरावाला विरोध करू शकणाऱ्या एकमेव सभासद सुरेखाबाई त्या दिवशी डायलिसिसला गेल्या होत्या. आणि त्या गेल्या होत्या त्याच रुग्णवाहिकेतून.

सुरेखाबाईंनी उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवला होता. मोहल्ल्यातली निम्मी मराठी पोरे त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सासूपासून नातवापर्यंत सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. आता दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिला होता. दर सोमवारी आणि गुरुवारी सून वैदेही त्यांना हात धरून गल्लीतून मैदागिनच्या रस्त्यापर्यंत आणी आणि तिथे उभ्या असलेल्या मंडळाच्या गाडीत आडवे करी. एकदा गाडी बिघडली म्हणून ऑटोने नेले, तर परतीच्या वाटेवर बाईंची शुद्ध हरपली. भाड्याची रुग्णवाहिका त्यांच्या पेन्शनीत बसण्यासारखी नव्हती. थोडक्यात, ती गाडी चालणे आणि बाई चालत्याबोलत्या राहणे ही एकच गोष्ट होती.

पाण्याची कल्पना ओजसची. हा बाईंचाच जुना विद्यार्थी, त्यांच्या विषयात नेहमी काठावर पास होणारा. त्याने एका बाटलीत स्टीलच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांना बॅटरीच्या तारा जोडल्या होत्या. पट्ट्यांवर बुडबुडे येत. बाटलीची नळी स्कूटरच्या इंजिनात सोडलेली होती आणि स्कूटर खरोखरच दशाश्वमेधपर्यंत जाऊन येई. स्कूटरच्या टाकीत पेट्रोलही असे, पण त्याचा उल्लेख ओजस 'सहायक द्रव' असा करी.

मंडळाचे अध्यक्ष सुमंतराव रेल्वेतून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर हिरवा झेंडा दाखवायला काही मिळाले नाही याची त्यांना खंत होती. वर्धापनदिन तोंडावर आला होता. त्यांनी स्कूटर पाहिली, बुडबुडे पाहिले आणि विचारले की हे मोठ्या गाडीवर होईल का. 'नाही' म्हणण्याची सवय ओजसला कधीच नव्हती.

बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी सुमंतरावांना घरी बोलावून घेतले. हायड्रोजन जळून जे उरते ते पाणी, म्हणजे पाणी ही जळून झालेली राख आहे, असे त्यांनी सहावीच्या वर्गाला सांगावे तसे सावकाश सांगितले. राख पुन्हा जाळता येते का, हे हवे तर मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर विचारून या, असेही म्हणाल्या.

सुमंतरावांनी सगळे मान डोलावून ऐकले. "बाई, आपलं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ते साध्या पाण्याचं झालं. हे गंगाजल आहे."

काशीत राहून या वाक्यापुढे बोलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

वर्धापनदिनी मैदागिनला मांडव पडला. 'पर्यायी इंधन प्रोत्साहन कक्ष' नावाच्या सरकारी कचेरीतून एक निरीक्षक आले. सगळे ठरल्याप्रमाणे चालले असताना सुमंतरावांना ऐनवेळी प्रामाणिकपणाचा झटका आला. टाकीत पेट्रोल ठेवून गाडी पाण्यावर चालते म्हटले तर लोक हसतील, सबब टाकी रिकामी करा, असे त्यांनी फर्मावले. ओजसचा चेहरा उतरला. "काका, थोडा सहायक द्रव राहू द्या ना, रिस्क नको," असे तो हळूच म्हणाला, पण तोवर पेट्रोल उपसायला नळी लागली होती. मंडळाचे पुरोहित विश्वेश्वरशास्त्री म्हणाले की गंगामाईला बाटलीत कोंबणे हा तिचा अपमान आहे, तिला टाकीतच बसवू. मग टाकीत पंचगंगा घाटावरून आणलेले पाणी ओतले. टाकीला कुंकू लागले, तोंडाशी आंब्याची पाने आणि नारळ बसला. शास्त्रींनी 'हे वाहन जलबलाने चालावे' असा संकल्प सोडला आणि रीतसर स्थापना केली.

सुमंतरावांनी झेंडा हलवला. चालक लल्लनने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि शांत झाली.

मांडवात तेव्हा एकट्या शास्त्रींचे डोके चालले. ते पुढे होऊन गंभीरपणे म्हणाले, "चालेल कशी? स्थापना झाली आहे. एकदा स्थापना झाली की उत्तरपूजेपर्यंत देवता जागची हलत नसते."

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गाडी नादुरुस्त नव्हती, ती शास्त्रशुद्ध होती. निरीक्षकांनी सभोवार फिरून यंत्रे लावली आणि जागेवरच अहवाल दिला: वाहनाचे प्रदूषण शून्य, आवाज शून्य, इंधनाचा खप शून्य. असे निकाल कक्षाला आजवर कोणत्याही वाहनाकडून मिळाले नव्हते. त्यांनी टाकीचे झाकण उघडून पाहिले नाही, कारण पायात बूट होते.

उत्तरपूजेचा मुहूर्त कार्तिकी पौर्णिमेचा निघाला. श्रावण नुकताच संपला होता.

सोमवारी वैदेही बाईंना घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा गाडीभोवती दोरी बांधलेली होती. गाडी उचलून न्यायला आलेला वाहतूक पोलीसच चपला काढून राखणीला उभा होता. वैदेहीने सुमंतरावांना फोन केला. त्यांनी अत्यंत आस्थेने चौकशी केली आणि डायलिसिस कार्तिकापर्यंत पुढे ढकलता येईल का, असे विचारले. ऑटोची हिंमत वैदेहीला झाली नाही. गुरुवारही गेला. बाईंच्या पायांवर बोट दाबले की खळगा तसाच राहू लागला, आणि रात्री उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास पुरेना. वैदेही घाबरली होती. बाईही घाबरल्या होत्या, फक्त त्यांना ते दाखवायची सवय नव्हती.

शुक्रवारी वैदेहीने शास्त्रींचे पाय धरले. शास्त्री दुष्ट नव्हते. त्यांनी पोथी चाळली आणि वाट काढली. संकल्प सिद्धीस गेला, तर उत्तरपूजा कधीही करता येते, मुहूर्ताची गरज नाही. संकल्प होता गाडी पाण्यावर चालण्याचा. तेव्हा ती चालली, अशी कोणा जाणत्याची साक्ष हवी.

"मी देतो की साक्ष," सुमंतराव म्हणाले.

"तुम्ही अध्यक्ष. तुमचं कोण खरं मानणार?" शास्त्री म्हणाले. "विषयातला माणूस हवा."

आणि मोहल्ल्यात विषयातले माणूस एकच होते.

शनिवारी सकाळी बाईंना खुर्चीत बसवून मैदागिनला आणले. ओजसने पाया पडून घेतले. त्याला खरोखर वाईट वाटत होते, पण मोबाइल त्याने आधीच उभा धरला होता.

"फक्त एक वाक्य, बाई," सुमंतराव म्हणाले. "मग लगेच टाकीत पेट्रोल भरू. म्हणजे, सहायक द्रव."

बाईंनी आपल्या पायांकडे पाहिले. मग समोर जमलेल्या गर्दीकडे पाहिले. त्यातल्या बहुतेकांना त्यांनीच कधीतरी शिकवले होते की प्रयोग केल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

"मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं," त्या म्हणाल्या. "ही गाडी पाण्यावर चालते."

मागून एक ऑटो भोंगा वाजवत गेला. ओजस म्हणाला, "बाई, आवाज साफ आला नाही. एकदा फिरसे, प्लीज." बाईंनी पुन्हा सांगितले. पहिल्यांदा आवाज कापला होता, दुसऱ्यांदा कापला नाही.

उत्तरपूजा झाली. अक्षता वाहिल्यावर मूर्ती जागची किंचित हलवतात, तशी शास्त्रींनी बंपरला दोन्ही हात लावून गाडी वीतभर पुढे सरकवली. त्या गाडीचा पाण्यावरचा एकूण प्रवास एवढाच. मग गंगाजल पुन्हा गंगेत गेले, टाकी धुऊन पेट्रोल भरले आणि बऱ्याच खटपटीनंतर लल्लनने गाडी सुरू केली. बाई वेळेत पोचल्या. जेमतेम, पण पोचल्या.

वाटेत वैदेहीला राहवले नाही. "आई, तुम्ही असं बोलायला नको होतं."

"श्वास पुरेल तेवढंच बोलले," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

ओजसची चित्रफीत अर्ध्या मिनिटाची आहे. तीत एक वृद्ध शिक्षिका शांतपणे सांगते की ही गाडी पाण्यावर चालते, आणि पाठोपाठ गाडी खरोखर पुढे सरकते. शास्त्रींचे हात चौकटीत येत नाहीत. निरीक्षकांचे शून्य प्रदूषणाचे प्रमाणपत्र शेवटी झळकते. पाहता पाहता ती इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यापर्यंत पोचली आणि तिथल्या मंडळांनी आपापल्या रुग्णवाहिका ओजसकडे नोंदवल्या.

तुमच्याकडेही ती आली असेल. तुम्ही शहाणे आहात, तुमचा अशा गोष्टींवर चटकन विश्वास बसत नाही, पण एवढी शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर तुम्ही ती चार ठिकाणी पाठवलीत, त्यातल्या एका ठिकाणी तर 'खरं आहे का कुणास ठाऊक, पण पाहा' असे लिहून पाठवलीत. त्यात तुमचे काही चुकले नाही. आता फक्त सवड काढून तुमच्या गल्लीतल्या रुग्णवाहिकेच्या टाकीत काय आहे ते एकदा पाहून या. टाकीवर नारळ दिसला, तर मात्र झाकण उघडता येणार नाही.